गोळी घेतली की चित्रच उठत नाही, काय करू?

पत्र:

ताई, मी २२ वर्षांची, अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला, पुण्यात रूम घेऊन राहते, घर सातारा जिल्ह्यात. लहानपणापासून माझ्या अंगावर नुसतं नख ओढलं तरी जाड रेघ उठते. शाळेत पोरं मला पाटी म्हणायची, मधल्या सुट्टीत पेनाच्या टोपणाने माझ्या हातावर स्वतःची नावं लिहायची, कधी शिव्या पण, आणि तास सुरू होऊन बाईंचं लक्ष जाईपर्यंत सगळं पुसलेलं असायचं त्यामुळे तक्रार तरी काय करणार. मागच्या वर्षी स्किनच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, डर्मॅटोग्राफिया, आणि रोज रात्री एक गोळी दिली. खाज थांबली. पण मी प्रोजेक्टसाठी हातावर, मांडीवर चित्रं काढून फोटो घ्यायला लागले होते आणि गोळी घेतली की चित्रच उठत नाही. म्हणून महिनाभर गोळी बंद केलीय, कुणाला बोलले नाहीये, रात्र रात्र खाजवत बसते. त्यात सर म्हणाले हे अमेरिकेतल्या एका बाईने आधीच केलंय, तुझं कॉपी म्हणून जाईल. आईने इन्स्टावर फोटो पाहिले तर रडारड, इकडे आम्ही स्थळं बघतोय आणि तू अंगावरचा रोग जगाला दाखवत फिरतेस. (आजी मात्र आमसुलाचं पाणी लावता लावता म्हणाली, मला गोंदवायला सुया टोचून घ्याव्या लागल्या, तुला नुसतं नख पुरतं.) प्रोजेक्ट सोडू की गोळी?

– पाटी

उत्तर:

पाटी, हे नाव तू सहीला घेतलंयस म्हणून वापरतेय, नाहीतर ज्या पोरांनी ते ठेवलं त्यांना मधल्या सुट्टीभर अंगठे धरून उभं करायला मला आवडलं असतं. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलीय, बाईंना कळलं नाही हे वाक्य वाचून पोटात कसंतरी झालं, कारण माझ्याही वर्गात अशी एखादी पाटी बसली असेल आणि मी फळ्यावर सफरचंद काढत असेन.

आधी गोळीचं बोलू, कारण महिनाभर झोप नसलेल्या माणसाने घेतलेले निर्णय कधी धड नसतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे किती घे कधी घे हे मी सांगणार नाही, पण ह्या आठवड्यात तुझ्या डॉक्टरांकडे जा आणि दोन गोष्टी सांग, एक म्हणजे गोळी बंद केलीय आणि दुसरी म्हणजे का बंद केलीय. दुसरी सांगायला लाज वाटेल, तरी सांग. पेशंट "विसरले" म्हणतो तेव्हा डॉक्टर फक्त रागावू शकतात, खरं कारण सांगितलं तर त्यातून काहीतरी मार्ग काढतात.

तोपर्यंत हे समजून घे की तुझ्या कातडीत नेमकं काय होतं. आपल्या सगळ्यांच्या कातडीत मास्ट सेल नावाच्या पेशी असतात आणि त्यांच्यात हिस्टामिन नावाच्या रसायनाच्या पुड्या भरलेल्या असतात. तुझ्या पेशी जरा तडकू आहेत, नुसतं घासलं तरी पुड्या फोडतात. हिस्टामिन बाहेर पडलं की बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्यातलं पाणी बाहेर झिरपतं आणि रेघ फुगते. थॉमस लुईस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १९२० च्या दशकात ह्याचे तीन टप्पे नीट मांडले, आधी लाल रेघ, मग तिच्या आजूबाजूला पसरणारी लाली, मग उठाव. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं, कारण हा तर आपला चित्रं काढणाऱ्यांचाच क्रम आहे, आधी लाइन, मग पातळ रंगाचा वॉश, मग रिलीफ म्हणजे उठाव. थोड्या प्रमाणात हे कुणाच्याही कातडीवर होतं, करकचून ओरखडलं तर, पण तुझ्यासारखं नुसत्या नखाने उठणारं साधारण शंभरातल्या दोन ते पाच जणांना असतं. म्हणजे तुझ्या एका वर्गात अजून एखादी पाटी सहज असेल, फुल बाह्या घालून बसलेली.

आता मुद्दा असा की खाज पण त्याच हिस्टामिनची आणि चित्र पण त्याचंच. गोळी हिस्टामिनला जिथं जाऊन चिकटायचं असतं ती जागाच अडवून ठेवते, त्यामुळे दोन्ही एकदम जातात. खाज जाऊ दे आणि चित्र राहू दे अशी गोळी नाही मिळत. पण म्हणून रोज खाज सोसायची हे कुठून आलं? तू काय रोज चित्र काढतेस का? महिन्यातले किती दिवस खरंच कॅमेरा लावून बसतेस, चार? पाच? मग उरलेल्या पंचवीस रात्री कशासाठी जागतेस? मला विचारशील तर तुझ्या डोक्यात कुठेतरी असं बसलंय की त्रास झाला तरच ते खरं आर्ट. आपल्या कलेच्या कॉलेजांत हा समज फार, उपाशी राहायचं, जागायचं, डोळे लाल करून क्रिटला, म्हणजे सरांसमोर काम मांडायला जायचं. माझ्या बॅचला पण होता. त्यातला एकही त्यामुळे चांगला चित्रकार झाला नाही, दोघांना ॲसिडिटी मात्र कायमची लागली.

तर डॉक्टरांना सरळ विचार की मला महिन्यातून दोन-तीन दिवस शूट करायचंय, त्याच्या आधी गोळी थांबवली तर चालेल का आणि किती दिवस आधी. ऐकून ते खुर्चीतून पडणार नाहीत, कारण ॲलर्जीसाठी हातावर ते टोचून टेस्ट करतात ना, तिच्या आधी ते स्वतःच अशा गोळ्या काही दिवस बंद करायला सांगतात, नाहीतर कातडी उत्तरच देत नाही. एक लक्षात घे, गोळी हा काही बटणाचा दिवा नाही की सकाळी घेतली नाही आणि दुपारी चित्र आलं, तिचा असर उतरायला काही दिवस जातात. ही गोळी आजार मुळापासून काढत नाही, लक्षणं दाबून धरते, म्हणून तर थांबवली की रेघा परत येतात. म्हणजे तुझं चित्र कुठे पळून चाललेलं नाहीये, कॅलेंडर लाव फक्त. आणि सध्याच्या गोळीने दिवसभर झोप येते म्हणून कंटाळली असशील तर तेही सांग, कमी झोप आणणाऱ्या पण असतात. मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने स्टेरॉइडची ट्यूब आणून चोपडू नकोस मात्र, ती जास्त वापरली की कातडी पातळ होते, आणि तुझा तर कागदच तो आहे.

ओठ, पापण्या सुजल्या, घसा आवळल्यासारखा झाला, श्वास लागला, चक्कर आली, तर चित्र फोटो सगळं टाकून ताबडतोब हॉस्पिटल. एखादी गांध चोवीस तासांच्या वर टिकली, खाजण्यापेक्षा दुखायला लागली, किंवा जाताना काळानिळा डाग ठेवून गेली तर तेही दाखव, ते तुझ्या नेहमीच्यातलं नाही.

आता सरांचं. सर ज्या बाईंबद्दल बोलले त्या एरियाना पेज रसेल असणार. त्या खरंच हेच करतात, त्यांनाही डर्मॅटोग्राफिया आहे, विणायच्या सुईच्या बोथट टोकाने स्वतःच्या पायांवर, हातांवर नक्षी काढतात, पाचेक मिनिटं थांबतात, रेघा फुलल्या की फोटो घेतात, आणि अर्ध्या-पाऊण तासात सगळं गायब. स्वतःच्या लाल झालेल्या कातडीच्या फोटोंपासून त्यांनी तात्पुरते टॅटू पण केले. सगळं सुंदर आहे, शोधून नक्की बघ, सरांनी नुसतं नाव टाकून घाबरवलं तसं नको, एकेक फोटो नीट बघ.

पण ह्याची सुरुवात काही त्यांच्यापासून नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसला साल्पेत्रिएर नावाच्या हॉस्पिटलमध्ये, बायकांचं हॉस्पिटल, ज्यांच्यावर हिस्टेरियाचा शिक्का मारलेला अशा बाया तिथं ठेवलेल्या, तिथले डॉक्टर त्यांच्या अंगावर बोथट टोकाने लिहायचे. अक्षरं, शब्द, नावं. रेघा फुगल्या की फोटो. एका फ्रेंच डॉक्टरने तर १८९३ मध्ये ह्याच विषयावर जाडजूड पुस्तक काढलं, फोटोंसकट. ते फोटो आजही बघायला मिळतात, बाई पाठमोरी आणि पाठीवर अक्षरं. तिला विचारलं होतं का कुणी? पाठीवरचं लिहिलेलं तिला स्वतःला दिसलं तरी असेल का? मला ते फोटो बघताना तुझी मधली सुट्टी आठवली, म्हणजे तुझं पत्र नंतर आलं पण आता दोन्ही चिकटलेत डोक्यात. तिथे डॉक्टर लिहितायत, तुझ्या शाळेत ती टोपणवाली पोरं. रसेलबाईंनी सुई स्वतःच्या हातात घेतली, मला त्यांच्या कामातली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, नक्षी त्याच्यानंतर. आणि तूही तेच केलंस ना, त्यांचं नाव माहीत नसताना? मग कॉपी कसली. तैलरंग काय एकाच माणसाने वापरावेत असा नियम आहे का. माध्यम सारखं असू शकतं, तू त्यात काय म्हणतेस ते बघतील लोक.

तर काय म्हणतेस? खरं सांगू, तू पत्रात चित्र काढते चित्र काढते लिहिलंयस पण कसलं चित्र ते एका शब्दाने नाही. वेलबुट्टी असेल तर सर थोडे बरोबर आहेत. सगळ्यात दणकट माल तू पत्रात सहज टाकून दिलायस, ती नावं आणि त्या शिव्या, तास सुरू झाल्यावर पुसल्या जाणाऱ्या. त्या तू स्वतःच्या हाताने परत लिहाव्यास असं मी म्हणत नाही, नसेल लिहायच्या तर नको लिहू, जुन्या जखमा प्रोजेक्टसाठी उकरायलाच पाहिजेत असं कुणी सांगितलं तर त्याला पण उभं कर अंगठे धरून. पण तो अर्धा तास बघ. तक्रार करता येऊ नये इतक्यात नाहीसा होणारा पुरावा. ही तुझी गोष्ट आहे, रसेलबाईंची नाही.

दुसरा फरक त्याहून साधा. त्यांची कातडी खूप गोरी, म्हणून त्यांच्या फोटोत लाल गुलाबी रंगच काम करतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर ती लाली तेवढी दिसतच नाही, दिसतो तो उठाव. (डॉक्टरांची पण ह्याने फसगत होते, लालसर शोधत बसतात आणि सावळ्या हातावरची गांध नजरेतून सुटते.) म्हणून तू त्यांच्यासारखे समोरून लख्ख उजेडात फोटो काढलेस तर फिके येतील आणि तुला वाटेल माझ्यातच काहीतरी कमी आहे. कमी काही नाही गं, उजेड चुकीचा आहे. ट्यूबलाइट बंद कर, संध्याकाळी खिडकीजवळ बस, उजेड हाताला घासून आडवा गेला पाहिजे. मग प्रत्येक रेघेला सावली पडते, ताम्रपटावर अक्षरं कोरलेली असतात ना तसं काहीतरी दिसतं, फक्त कोरलेलं नाही तर वर आलेलं. ब्लॅक अँड व्हाइट करून बघ. फोन स्टँडला लावून एकाच फ्रेममध्ये दर मिनिटाला एक फोटो घे, चाळीस मिनिटं, फुगणं आणि विरणं दोन्ही. मला तर विरण्याचे फोटो जास्त बघायचेत.

हत्यार बोथटच पाहिजे, रिकामं बॉलपेन, सुईचं मागचं टोक, बांगडीची कड. सेफ्टी पिन, कर्कटक, ब्लेड अजिबात नाही, कातडी फाटायलाच नको. त्याच जागेवर परत परत नको, चेहरा आणि गळा सोडून दे. आपल्या रंगाच्या कातडीला खाजवून सोललं की काळे डाग पडतात आणि महिनोन् महिने राहतात, तू सध्या रात्री जे करतेयस त्याने तेच होणारे. नखं काप आजच. कडकडीत पाण्याची अंघोळ थांबव, अंगाला खोबरेल लाव, कोरड्या कातडीला खाज जास्त सुटते, आणि सॅकचा पट्टा, घट्ट इलॅस्टिक, लोकरीचा स्वेटर थेट अंगावर, हे सगळे तुझ्या परवानगीशिवाय तुझ्यावर चित्रं काढणारे लोक आहेत. आजीचं आमसुलाचं पाणी गार वाटत असेल तर खुशाल लावून घे, आमच्याकडे पण पित्त उठलं की तेच, फक्त सोललेल्या जागी नको, आंबट आहे, जाम झोंबेल.

आई. मी तुझ्या बाजूने आहे पण आईच्या विरुद्ध नाही. आपल्याकडे मुलीच्या कातडीवर काहीही दिसलं की घरात कोड, इसब, कुष्ठ सगळे शब्द एकदम फिरायला लागतात आणि बोलत कुणीच नाही, फक्त फुल बाह्यांचे ड्रेस शिवले जातात. तुझी आई "रोग" म्हणाली तेव्हा तिला काय काय वाटलं असेल विचार कर. तिला कुणी नीट सांगितलंय का, की हा लागत नाही, रक्तातला काही दोष नाही, तू काही खाल्लंस म्हणून होत नाही, डाग ठेवत नाही? तू सांगून उपयोग नाही, पोरीचं कोण ऐकतं. पुढच्या वेळेला डॉक्टरांकडे तिला घेऊन जा, तेच दोन मिनिटं बोलू देत. आणि स्थळाचं म्हणशील तर, हातावरच्या अर्ध्या तासाच्या रेघेवरून ज्याचं घर नकार देईल त्या घरात तू आयुष्यभर फुल बाह्या घालणार होतीस, सुटलीस समज. हे वाक्य आईला म्हणू नकोस, तिला आत्ता पचणार नाही.

तिच्या एका मुद्द्यात मात्र दम आहे, तो म्हणजे जगाला. मांडीचे फोटो पब्लिक अकाउंटवर टाकायच्या आधी थोडं थांबायला हवं होतंस. लाज वगैरे म्हणून नाही, फोटो एकदा सुटला की उद्या कुठल्यातरी चमत्कारी क्रीमच्या जाहिरातीत "आधी आणि नंतर" म्हणून तुझीच मांडी दिसायची आणि तुला पत्ता नसायचा. तुझ्या अंगावर लिहिणाऱ्यांचा अनुभव तुला आहेच. चेहरा, तीळ, जन्मखूण, रूममधलं ओळखू येणारं काही, फ्रेममध्ये काय येतं ते ठरव. प्रोजेक्टला प्रिंट्स लाव, भिंतीवर, मोठ्या, लोकांना चालत यावं लागेल बघायला. इन्स्टा नंतर.

अजून एक गोष्ट आहे, ती लिहू की नको असं करत होते. हे दुखणं बऱ्याच जणांचं काही वर्षांनी आपोआप कमी होतं, जातं सुद्धा. कुणाचं राहतं, पण पुष्कळांचं जातं. म्हणजे एखाद्या दिवशी तू सुई ओढशील आणि नुसती पांढरी रेघ येऊन निघून जाईल, बाकीच्यांच्या हातावर येते तशी. तेव्हा तुला आनंद होईल की रडू येईल मला माहीत नाही, दोन्ही होईल बहुतेक. म्हणून ह्या वर्षी जे काढायचंय ते काढून ठेव, निगेटिव्ह, फाइली, तारखा, वेळ लिहिलेली वही, सगळं जपून, पण "कातडीवाली आर्टिस्ट" अशी पाटी स्वतःच्या गळ्यात अडकवू नकोस. रोज कागदावर पण काढ. सर बाकी कसेही असोत, फिगरचा तास बुडवू नकोस.

आणि आता मला पत्र वाचल्यापासून जे सांगायचंय ते. तुझ्या पत्रातलं सगळ्यात भारी वाक्य तू कंसात टाकलंयस. आजीचं. मला सुया टोचून घ्याव्या लागल्या, तुला नुसतं नख पुरतं. सगळ्या घरात तुझ्या कातडीकडे बघून घाबरली नाही अशी ती एकटी, आणि का नाही घाबरली, कारण तिच्या हातावर पण लिहिलेलं आहे. आपल्याकडच्या जुन्या बायका म्हणायच्या ना, मेल्यावर सोनं-नाणं काढून घेतात, सोबत येतं ते फक्त गोंदण. तिचं मरणाच्या पलीकडे जाणारं आणि तुझं चहा गार होईपर्यंत टिकणारं. तिच्या हातावर काय आहे तू लिहिलं नाहीस, तुळशीवृंदावन असेल, विंचू असेल, कुणाचं नाव असेल. विचार तिला, कधी गोंदवलं, कुणी धरून ठेवलं होतं, रडली का, हवं होतं का तिला. रेकॉर्ड कर आवाज. मग डॉक्टरांशी बोलून जो शूटचा दिवस ठरेल त्या दिवशी गावी जा, सुई तिच्या हातात दे आणि तिचंच गोंदण तुझ्या हातावर तिला काढू दे, थरथरतं आलं तर थरथरतं. दोघींचे हात शेजारी शेजारी, ओसरीवर, उतरत्या उन्हात. आई बघायला येईल, लांबून का होईना, तिला बोलावू नकोस, येऊ दे.

कुणी आपल्यावर लिहायचं हे आपण ठरवायचं, एवढं तुला आता करता येतं, टोपणवाल्या पोरांच्या वेळी येत नव्हतं. आजीला येत होतं का, ते तिलाच विचार.

आणि जायच्या आधी फोनमधला ब्युटी मोड बंद कर बाई. तो कातडी गुळगुळीत करतो आपोआप, तुझ्या अख्ख्या प्रोजेक्टला इस्त्री मारून टाकेल.

– ताई